मदत हवी आहे: पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, हौसेनं १० मीटर एअर रायफल मारतो. टेक्सासमधल्या मावसभावाला रविवारच्या रेंजसाठी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी रायफल घ्यायची आहे आणि वहिनीलाही त्यावरच शिकवायचंय. "स्वप्नील कुसाळे तुमच्या नाशिकमध्ये घडला ना, मग तूच सांग" म्हणतो. आता काय बोलणार! ऑलिंपिकची ५० मीटरची रायफल एकेक काडतूस भरून मारतात, सेमी-ऑटोशी तिचा संबंध नाही.

त्याच्या मनात रुगर १०/२२ आहे. १९६४पासूनचं मॉडेल, १० गोळ्यांचं गोल मॅगझिन, सुटे भाग मुबलक. दुसरा पर्याय जुनी मार्लिन मॉडेल ६०. तिची गोळ्या भरायची नळी बॅरलखाली असते, त्यामुळे मॅगझिन हरवायची भीती नाही, पण भरायला वेळ लागतो. मला वाटतं शिकणाऱ्याला तो वेळ लागलेलाच बरा. भाऊ मात्र उतावळा.

खरी अडचण काडतुसांची. या रायफली ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी सुटतानाच्या दाबानंच बोल्ट (मागची सरकती खिटी) मागे ढकलला जातो, म्हणून कमी वेगाच्या सबसॉनिक गोळीवर बोल्ट कधीकधी पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. नवशिक्याच्या हातात असं झालं तर मला नको वाटतं.

तिकडे राहून यातली एखादी वापरणाऱ्यांनी सांगा: कोणती कमी अडते? शिकायला नेम धरायची साधी लोखंडी साइट बरी की थेट स्कोप (दुर्बीण)? की वहिनीसाठी आधी बोल्ट ॲक्शनच (दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची) घ्यायला लावू?

इथल्या लायसन्सची चर्चा नको, रायफल तिकडेच राहणार आहे.