काच्चुक्को: डोकी-काटे काढून टाकले तर उरतं काय?

बंदरवाट

इटलीच्या तोस्काना प्रांतात लिव्होर्नो नावाचं बंदर आहे. काच्चुक्को हा तिथला मासळीचा रस्सा. ऑक्टोपस, माकूल, मोरीसारखा लहान शार्क, खडकातली काटेरी मासळी, कोळंबी आणि शिंपले टोमॅटो व लाल वाइनमध्ये शिजवतात आणि लसूण चोळलेल्या भाजक्या पावावर ओततात. हल्ली मराठीत त्याच्या म्हणून ज्या पाककृती फिरतात, त्यांत बासाचे बिनकाट्याचे तुकडे, तयार टोमॅटो प्युरी आणि वरून ओरेगानो असतो. पंचवीस मिनिटांत पदार्थ तयार! माझं मत स्पष्ट आहे: तो टोमॅटोचा मासळी रस्सा झाला, काच्चुक्को नाही.

या रस्श्यात ना मैदा, ना नारळ, ना मलई. त्याचा सगळा दाटपणा डोक्यांतून येतो. लिव्होर्नोत त्यासाठी स्कॉर्फानो, गाल्लिनेल्ला, त्राकिना असली मासळी घेतात. डोकं मोठं, काटे भरपूर, मांस बेताचं. डोक्यातला आणि कातडीतला चिकटा रस्श्यात उतरतो, म्हणून तो पावाला धरून राहतो. (स्कॉर्फानो आणि त्राकिनाचे पाठीवरचे काटे विषारी असतात. साफ करण्याआधी ते कात्रीने उडवतात.)

सहा जणांसाठी प्रमाण सांगतो. १०० मिली ऑलिव्ह तेलात लसणाच्या चार ठेचलेल्या पाकळ्या, सेजची पाच पानं आणि दोन सुक्या मिरच्या मंद आचेवर टाका. लसूण सोनेरी झाला की ६०० ग्रॅम ऑक्टोपस, अंगठ्याएवढे तुकडे करून. तो लगेच जांभळट पाणी सोडतो. ते आटेपर्यंत दुसरं काही घालायचं नाही. पाणी संपलं की खदखद थांबून चरचर सुरू होते. तेव्हा २५० मिली लाल वाइन ओता आणि ती पुरती आटवा. मग ५०० ग्रॅम माकूल आणि दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, झाकण ठेवून अर्धा तास.

तोवर दुसऱ्या भांड्यात किलोभर डोकी आणि काटेरी मासळी, एक कांदा, एक गाजर, सेलरीची काडी, ५०० ग्रॅम टोमॅटो आणि लिटरभर पाणी अर्धा तास उकळा. कल्ले आधी काढा, कण्याला चिकटलेलं रक्त बोटाने धुऊन टाका, नाहीतर रस्सा कडवट होतो. हे सगळं हाताने फिरवायच्या जाळीच्या यंत्रातून गाळून ऑक्टोपसवर ओता. आता मोरीचे ४०० ग्रॅम तुकडे आणि एक-दोन लहान अख्खे मासे, दहा मिनिटं. शेवटची पाच मिनिटं कोळंबी आणि ५०० ग्रॅम शिंपले. या टप्प्यावर पळी फिरवायची नाही, भांडं दोन्ही कानांना धरून हलवायचं. मीठ सगळ्यात शेवटी, कारण ऑक्टोपस आणि शिंपले आपलं खारं पाणी घेऊन येतात.

डोकी आणि काटे गेले तर यातलं काय उरतं, हा माझा प्रश्न आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

चूलवैल

डोक्यांबद्दल सहमत, अख्ख्या माशाबद्दल साफ असहमत. डोकी-काटे उकळून गाळून झाले की त्यांचं काम संपलं. त्यानंतर वाडग्यात अख्खा काटेरी मासा ठेवून चवीत काय भर पडते? तो दाट, लाल रस्सा आहे, त्यात काटा दिसत नाही. पाव बुडवून खाताना तो घशाशी जातो. लहान मुलं आणि वयस्कर माणसं ज्या पंगतीत आहेत, तिथे मी बिनकाट्याचेच तुकडे घालीन.

फक्त तुकडे जाड हवेत, निदान तीन सेंटीमीटर, कातडीसकट. दहा नव्हे, सहाच मिनिटं. कातडी असली की तुकडा फुटत नाही. बासा नको हे मान्य. गोड्या पाण्यातला मासा, पाणी फार सोडतो आणि हलवलं की चुरा होतो. पण तो दोष बासाचा आहे, काटे काढण्याचा नाही.

बंदरवाट

@चूलवैल, हाडावर शिजलेलं मांस ओलसर राहतं, तीनच मिनिटं जास्त झाली तरी. बिनकाट्याचा तुकडा तेवढ्यात कोरडा पडतो. भरल्या भांड्यात सात प्रकार एकत्र असताना मिनिटाचा हिशेब कोण सांभाळणार? हाड ती चूक पोटात घालतं. पंगतीत मुलं असतील तर अख्खा मासा वेगळ्या ताटात वाढा, भांड्यातून हद्दपार करू नका.

निळीशाई

तुमच्या कृतीत लाल वाइन अटळ असल्यासारखी आली आहे, तिथे माझी हरकत आहे. पेल्लेग्रिनो आर्तुझीच्या, १८९१ साली प्रथम निघालेल्या प्रसिद्ध पाकपुस्तकात काच्चुक्कोच्या दोन कृती आहेत. पहिलीत ७०० ग्रॅम मासळीला ३०० ग्रॅम टोमॅटो घेतले आहेत आणि आंबटपणासाठी चक्क व्हिनेगर, पाण्यात मिसळून. त्यात वाइनच नाही. दुसरी कृती व्हियारेज्जो या शेजारच्या बंदराची. तिच्यात लसूण आणि तिखट मिरची एकत्र कुटून घेतात, आणि वाइन लाल किंवा पांढरी, जी असेल ती.

म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच या पदार्थाची छापील रूपं एकमेकांशी जुळत नव्हती. मग आज कुणी पांढरी वाइन घातली तर त्याला चूक का ठरवायचं? मासळीची चव पांढरीत जास्त मोकळी राहते, असं माझं ठाम मत आहे.

बंदरवाट

आर्तुझीचा आधार बिनतोड नाही. तो जन्माने फोर्लिंपोपोलीचा, म्हणजे रोमान्याचा. इटलीच्या त्या पूर्व बाजूला, एड्रियाटिक किनाऱ्यावर, याच जातीच्या रस्श्याला ब्रोदेत्तो म्हणतात आणि त्यात व्हिनेगर नेहमीचं. पहिल्या कृतीत मला त्याचीच छाया दिसते. आज लिव्होर्नोच्या स्वयंपाकघरांत लाल वाइनच घालतात, आणि त्याला कारण ऑक्टोपस आहे. एवढ्या तगड्या चवीपुढे पांढरी वाइन नुसती आंबट लागते. पापलेटला पांढरी द्या, इथे नको.

द्रावण

लाल-पांढऱ्याच्या वादात एक उपयोगाची गोष्ट सांगतो. लाल वाइनबरोबर मासळी खाल्ली की कधीकधी तोंडात उग्र, मासळट चव मागे राहते. त्याचं एक कारण वाइनमधलं लोह. जपानी संशोधकांनी २००९ साली हे दाखवलं: लोह जितकं जास्त, तितका तो वास जास्त. त्यांनी वाइन सुक्या स्कॅलप शिंपल्यांबरोबर चाखून पाहिली होती. रंग हे मूळ कारण नाही, काही लाल वाइनमध्ये लोह कमीही असतं.

भांड्यात खरा धोका वेगळाच आहे, टॅनिनचा, म्हणजे वाइनमधल्या तुरट घटकाचा. ओकच्या पिंपात मुरलेली भारी वाइन आटवली की तुरटपणाही आटून घट्ट होतो आणि टोमॅटोच्या आंबटाशी मिळून जीभ ओढतो. म्हणून कोवळी, हलकी, पिंपात न मुरवलेली वाइन घ्या. तोस्कानात त्यासाठी साधी कियांती वापरतात. इथे नाशिककडची साधी, फळांच्या चवीची लाल वाइन चालेल. महाग बाटली या भांड्यात वाया जाते.

आणि मिक्सरचा मोह टाळा, हे मूळ धाग्यात ठळक यायला हवं होतं. मिक्सरमध्ये हाडं भरडली जातात, रस्सा करडा आणि कचकचीत होतो, आणि ऑलिव्ह तेल जोरात घुसळलं गेलं की तेही कडवट लागतं. जाळीचं यंत्र नसेल तर पुरणयंत्र वापरा. हाडं वर राहतात, गर खाली येतो. काम तंतोतंत तेच.

सांजदीप

तुम्ही सगळे तंत्रातच अडकलात. या पदार्थामागची गोष्ट किती सुंदर आहे! एक कोळी समुद्रात बुडतो, घरात मुलं उपाशी. ती मुलं धक्क्यावर जाऊन बापाच्या सोबत्यांकडे मासे मागतात. कुणी एक देतो, कुणी दोन, आणि आई त्या सगळ्या वेगवेगळ्या माशांचा एकच रस्सा करते. दुसरी कथा दीपस्तंभाच्या रखवालदाराची. तेल दिव्यासाठी राखून ठेवायचं, मासे तळायला वापरायची मनाई, म्हणून तो मासे रस्श्यात शिजवू लागला. गोष्टीशिवाय पदार्थ सांगितला तर त्याचा जीवच जातो.

निळीशाई

कथा गोड आहेत, पण त्या घडल्याचा पुरावा नाही, आणि खरा इतिहास त्याहून मोठा आहे. लिव्होर्नो हे मेदिची या तोस्कानाच्या राज्यकर्त्या घराण्याने उभं केलेलं बंदर. फेर्दिनांदो पहिला याने १५९१ आणि १५९३ मध्ये जाहीरनामे काढून सर्व देशांच्या व्यापाऱ्यांना तिथे येऊन राहण्याचं आमंत्रण दिलं. ज्यू, आर्मेनियन, ग्रीक, तुर्क अशा अनेकांना. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यू मोठ्या संख्येने आले. आजही लिव्होर्नो पद्धतीची म्हणून ओळखली जाणारी टोमॅटोतली लाल त्रिल्या मासळी ज्यू घरांशी जोडली जाते. काच्चुक्कोतला टोमॅटो आणि मिरची या बंदराच्या उघड्या दारातून आली, असं मानायला जागा आहे. मला ही गोष्ट बुडालेल्या कोळ्यापेक्षा जास्त भिडते.

चूलवैल

@निळीशाई, टोमॅटोपर्यंत ठीक, पण काच्चुक्को ज्यू घरांतून आला असं कुणी त्यावरून समजू नये. त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे पर आणि खवले असलेलीच मासळी चालते. ऑक्टोपस, माकूल, शिंपले, कोळंबी, शार्क, सगळं वर्ज्य. म्हणजे या भांड्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू. टोमॅटो बंदरातून आला असेल, पण भांडं कोळ्याचंच. न विकली गेलेली, जाळ्यात फाटलेली, भाव नसलेली मासळी त्यात गेली. दीपस्तंभाच्या कथेबद्दल बोलायचं तर कृतीची सुरुवातच १०० मिली तेलाने होते, तेव्हा तेल वाचवण्याचं कारण पटत नाही.

सांजदीप

पुरावा नाही म्हणून कथा टाकाऊ ठरत नाही. प्रत्येकाने एकेक मासा दिला, हे त्या कथेतलं सार भांड्यात आजही दिसतं. निदान पाच प्रकारची मासळी हवी, हा लिव्होर्नोचा संकेत कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा त्या कथेला जवळचा आहे.

खाजणकाठ

पाच प्रकारांचा विषय निघाला म्हणून लिहितो. पाच नावं मोजू नका, पाच कामं मोजा. एक चिवट, जो रस्सा रंगवतो: ऑक्टोपस. एक मऊ-चिवट: माकूल. एक डोकेवाला, दाटपणासाठी. एक घट्ट मांसाचा, जो फुटत नाही. आणि एक कवचाचा, खारट गोडव्यासाठी. सुरमई, रावस, पापलेट, हलवा आणि कोळंबी घातली तर नावं पाच झाली, पण रस्सा रंगवायला आणि दाट करायला कुणीच नाही.

या हिशेबाने आपल्या किनाऱ्यावर सगळं मिळतं. डोक्यासाठी गोब्रा किंवा तांबोशी. कोळणीकडे नुसती डोकीही मागता येतात. लिव्होर्नोत ग्रोंको नावाचा लांबडा मासा घालतात, त्याच्या जागी आपली वाम चपखल. अख्ख्या लहान माशासाठी राणी मासा. शिंपल्यांसाठी शिनाणे किंवा तिसऱ्या. तिसऱ्या आधी तासभर मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्या. बांगडा आणि तारली मात्र कटाक्षाने टाळा. त्यांचं तेल सगळ्या भांड्यावर चढतं.

मोरीबद्दल मूळ धाग्याशी माझा मतभेद आहे. शार्कच्या मांसात युरिया असतो. मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो, आणि तो वास टोमॅटोने झाकला जात नाही. अगदी ताजी, गरम पाण्यात बुडवून कातडी खरवडलेली मोरी मिळाली तरच घ्या. शिवाय शार्कच्या काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि कापलेला तुकडा कोणत्या जातीचा हे ताटावर ओळखता येत नाही. मी तिथे वामच दुप्पट घालीन.

बंदरवाट

कामं मोजायची, हे मला पूर्ण पटलं, आणि मोरीऐवजी वाम हेही. पण गोब्र्याचं डोकं अर्ध्या तासापेक्षा जास्त उकळू नका. मोठ्या डोक्यात चिकटा खूप, रस्सा खळीसारखा होतो आणि पाव त्याच्यात बसत नाही, वर तरंगतो.

चूलवैल

माकुलीबद्दल एक भर. ती दोन मिनिटांत काढा, नाहीतर अर्धा तास शिजवा. मधल्या वेळेत ती रबर होते आणि लोक घाबरून गॅस बंद करतात. तिथे थांबायचं नाही, पुढे शिजवत राहायचं. ऑक्टोपसचंही तेच, फक्त त्याला तासभर लागतो. सुरी त्याच्या भुजेच्या जाड भागात सहज गेली पाहिजे. कुकर लावू नका. कातडी सुटून येते आणि रस्श्याला ज्या रंगाची गरज आहे तो चिंध्या होऊन तरंगतो.

द्रावण

पावाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि तिथेच बहुतेकांचा काच्चुक्को बिघडतो. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा आणि जाड सालीचा असतो, म्हणून खारा रस्सा त्यावर जुळतो. लादी पाव घेतला तर मिनिटभरात लगदा. गोव्यातले कडक सालीचे उंडे आडवे कापून रात्रभर उघडे ठेवा, मग मंद आचेवर आतपर्यंत कोरडे करा. लसणाची कच्ची पाकळी एकाच बाजूला, एकदाच चोळायची. तीच बाजू वर ठेवून वाडग्याच्या तळाशी दोन कापं, त्यावर आधी नुसता रस्सा, दोन मिनिटं मुरू द्या, मग मासळी. उंड्यात मीठ असतं, म्हणून रस्श्यातलं मीठ नेहमीपेक्षा हात राखून घाला.