फवारणी पंपाची १२ व्होल्ट बॅटरी जुन्या लॅपटॉप अडॅप्टरवर चार्ज करता येईल का?

कपाशी_परभणी
पंपाचा चार्जर जळाला आहे. बॅटरी लेड-ॲसिड, १२ व्होल्ट ८ एएच. घरात जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर पडून आहे, १९ व्होल्ट ३.४२ अँपिअरचा. तो सरळ बॅटरीला जोडला तर चालेल, की मध्ये काही लावावं लागेल? सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर आहे.

सोल्डर_गन
सरळ अजिबात जोडू नका. रिकामी बॅटरी सुरुवातीला इतका करंट ओढते की अडॅप्टर ओव्हरलोडवर जाऊन चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. आणि तग धरलाच, तर तो बॅटरीला थेट १९ व्होल्टपर्यंत नेईल. सीलबंद बॅटरीत गॅस होतो, पाणी उडतं, डबा फुगतो. ती बॅटरी मग परत वळणावर येत नाही.

मध्ये एक्सएल४०१५ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारी छोटी सर्किटची पाटी) लावा, पण दोन स्क्रू-पॉटवालं (स्क्रूने फिरवून सेटिंग करायचं) घ्या: एक व्होल्टेजसाठी, एक करंटसाठी. एकाच पॉटचं मॉड्यूल करंट आवरत नाही, या कामाला ते निरुपयोगी. मॉड्यूलवर ५ अँपिअर लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका, तुम्हाला १.२ पुरे. १४.४ गुणिले १.२ म्हणजे जेमतेम १७ वॅट, तुमचा अडॅप्टर ६५ वॅटचा आहे.

सेटिंग बॅटरी न जोडता करायचं. आउटपुटवर मीटर लावून व्होल्टेजचा पॉट फिरवा. हे पॉट बऱ्याच फेऱ्यांचे असतात, पहिल्या दहा-पंधरा फेऱ्यांत काहीच हललं नाही तरी बिघडलं समजू नका. १४.४ वर थांबा. मग करंटचा पॉट पूर्ण कमी करा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन आउटपुटच्या प्लस-मायनसमध्ये धरा आणि हळूहळू १.२ पर्यंत वाढवा. झाल्याबरोबर लाल प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाल आणि बॅटरीच शॉर्ट होईल.

आकडे बॅटरीच्या लेबलशी ताडून पाहा. ‘सायकल यूज’समोर व्होल्टेज आणि ‘इनिशियल करंट’समोर कमाल करंट छापलेला असतो.

जुना_वायरमन
इतकं कशाला? अडॅप्टर आणि बॅटरीच्या मध्ये गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. करंट आपोआप आवरतो.

ट्रान्सफॉर्मर_६१
दादा, बल्ब करंट आवरतो हे बरोबर, पण व्होल्टेज कुठे थांबवतो? बॅटरी भरत आली की करंट घटतो, बल्ब मंद होतो, त्यावर पडणारं व्होल्टेजही घटतं. रात्रभर राहिलं तर बॅटरी १५ च्या वर जाणारच. समोर बसून, दर पंधरा मिनिटांनी मीटर लावणार असाल तरच तो उपाय.

सोल्डर_गन यांच्या जोडणीत एक गोष्ट राहिली. आपल्याकडे लाइट कधीही जाते. लाइट गेली की बॅटरीतला करंट उलटा मॉड्यूलमध्ये शिरतो आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते. म्हणून आउटपुटच्या प्लसवर १एन५८२२ हा शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, पट्टीची बाजू बॅटरीकडे. शेवटी करंट कमी असताना त्यावर साधारण पाव व्होल्ट पडतो, म्हणून मॉड्यूल १४.६५ ला ठेवा. पहिलं चार्जिंग पूर्ण होताना बॅटरीच्या टर्मिनलवरच मोजून नेमकं करून घ्या. डायोडनंतर, बॅटरीच्या जवळ ३ अँपिअरचा फ्यूज.

दुसरं, इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस एकत्र बांधू नका. करंट मोजणारा रेझिस्टर त्या दोघांच्या मध्येच असतो. ते जुळले की करंटची मर्यादा संपली, आणि बाहेरून काही कळतही नाही.

अडॅप्टरची पिन कापल्यावर तीन वायरी निघाल्या तर बारीक वायर लॅपटॉपला अडॅप्टर ओळखता यावा म्हणून असते. तिच्यावर टेप मारून सोडून द्या. बाकी दोन्हींचा प्लस-मायनस मीटरनेच ठरवा, रंगावर जाऊ नका.

कपाशी_परभणी
जोडणी समजली. दोन शंका. बॅटरी गेल्या हंगामापासून तशीच पडली होती, आता ९.८ व्होल्ट दाखवते. चार्ज होईल का? आणि हंगाम संपल्यावर चार्जर लावूनच ठेवला तर?

सोल्डर_गन
९.८ म्हणजे ती पार उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, प्लेटांवर सल्फेट बसलं असणार. करंट ०.४ वर ठेवून लावून पाहा. दहा मिनिटांत व्होल्टेज १४ ला गेलं आणि काढल्यावर लगेच १२ च्या खाली आलं, तर नवीन बॅटरी घ्या. चांगली बॅटरी भरल्यावर काही तास विसावली तरी १२.८ च्या आसपास राहते.

ट्रान्सफॉर्मर_६१
१४.४ वर दिवसचे दिवस ठेवू नका. करंट ०.१ च्या खाली गेला की काढा. हंगामानंतर पूर्ण भरून ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करायची. लावूनच ठेवायचा असेल तर बॅटरीवर १३.६ येतील असं व्होल्टेज उतरवा. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील तर चार्जिंगचं व्होल्टेजही १४ वर आणा. मॉड्यूल पंपाच्या आत बसवू नका, औषधाच्या ओलीने तांब्याच्या पट्ट्या खाऊन जातात. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, बाहेर ठेवा.