तलावाच्या पाण्यात नॅनो-लोह मंद का पडतं?

प्रश्न: पीएच ७, नॅनो-लोहाचा (लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचा) डोस तोच. डिस्टिल्ड पाण्यातून क्रोमियम-६ (क्रोमियमचं विषारी रूप) झटपट जातो, पवई तलावाच्या पाण्यात क्रोमियम मिसळलं तर निम्माही जात नाही. का?

उत्तर १: ह्युमिक आम्ल (कुजलेल्या वनस्पतींतून पाण्यात येणारा सेंद्रिय पदार्थ) लोहाच्या कणांवर बसून अभिक्रियेच्या जागा अडवतं. त्याच थराच्या ऋणभारामुळे कण सुटे राहतात, म्हणून गढूळपणा पाहून लोह काम करतंय असं समजू नका. पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून २५४ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा, त्यावरून ह्युमिकचा अंदाज येतो.

उत्तर २: कॅल्शियम भरपूर असेल तर उलटंच! तो कणांवरचे ह्युमिक रेणू सांधतो, कणांचे गठ्ठे तळाशी बसतात. ह्युमिक काढायला नॅनो-लोहाआधी फेरिक क्लोराइड घाला, पीएच ५.५ च्या आसपास, मग गाळणी. त्याचा डोस जार टेस्टनेच (भांड्यांत वेगवेगळे डोस घालून पाहून) ठरवा.

प्रश्नकर्ता: नंतर पीएच लगेच ७ ला आणू?

उत्तर २: नको, आम्लात क्रोमियम-६ चं लवकर क्षपण होतं, म्हणजे त्याचा क्रोमियम-३ बनतो. क्रोमियम-३ गाळ म्हणून तळाशी बसवायला शेवटी ८ पर्यंत न्या.