सायन्स पार्क आणि इन्क्युबेटर: नवोन्मेष तिथे घडतो, की घडवणारेच तिथे पोहोचतात?

प्रश्न
सायन्स पार्कमध्ये (विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेजवळ तंत्रज्ञान-कंपन्यांसाठी उभारलेली वसाहत) किंवा इन्क्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना सुरुवातीला जागा, सुविधा आणि मार्गदर्शन देणारे केंद्र) जागा मिळालेल्या तंत्रज्ञान-नवउद्योगांकडून अधिक नवे काम होते, असे सर्रास म्हटले जाते आणि पुरावा म्हणून तिथल्या यशस्वी कंपन्यांची यादी पुढे केली जाते. परंतु प्रवेश देतानाच होतकरू कंपन्या निवडल्या जात असतील, तर त्यांच्या यशाचे श्रेय पार्कला कितपत द्यावे?

उत्तर १
शंका रास्त आहे. नुसत्या यादीवरून काहीच सिद्ध होत नाही. पार्कमधील कंपनीची तुलना तिच्याच वयाच्या, आकाराच्या आणि क्षेत्रातील बाहेरच्या कंपनीशी करावी लागते. ब्रिटनमधील विद्यापीठांशी संलग्न पार्कबाबत डोनाल्ड सीगल, पॉल वेस्टहेड आणि माइक राइट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्कमधील कंपन्यांची संशोधन-उत्पादकता, म्हणजे संशोधनावरच्या खर्चाच्या मानाने निघणारे फळ, किंचित अधिक आढळली. यातला ‘किंचित’ हा शब्द उद्घाटनाच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. शिवाय वय आणि आकार जुळवला, तरी संस्थापकांची कुवत जुळवता येत नाही. म्हणून ज्यांचा प्रवेश थोडक्यात हुकला आणि ज्यांना तो थोडक्यात मिळाला, अशा अर्जदारांची पुढची वाटचाल ताडून पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

उत्तर २
कोणत्या हेतूने उभारलेल्या संस्थेला कोणता निकष लावतो, हेही पाहावे. अमेरिकेतील पहिला इन्क्युबेटर मानले जाणारे बटाव्हिया येथील केंद्र जोसेफ मॅन्क्युसो यांनी १९५९ मध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत सुरू केले, ते गावातील गेलेला रोजगार परत आणण्यासाठी. (भाडेकरूंमध्ये कोंबड्यांची पिल्ले उबवणारी एक कंपनी होती, त्यावरूनच ‘इन्क्युबेटर’ म्हणजे उबवणी-यंत्र हे नाव रुळले.) अशा केंद्राला पेटंटची संख्या विचारणे अन्यायाचे होईल.

याउलट तैवानमधील शिंचू पार्क १९८० मध्ये सुरू झाले तेव्हा शेजारी दोन तंत्रशिक्षणाची विद्यापीठे आणि १९७३ मध्ये स्थापन झालेली ‘इट्री’ ही सरकारी संशोधन संस्था होती. इट्रीने अमेरिकेतील आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचे तंत्र आधीच घेतले होते. पुढे यूएमसी आणि १९८७ मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या त्याच संस्थेतून बाहेर पडल्या. टीएसएमसीने तर पहिला कारखानाही इट्रीकडूनच भाड्याने घेतला. म्हणजे तयार तंत्र, ते हाताळलेले अभियंते आणि यंत्रसामग्री हे सारे एकत्रच नव्या कंपनीकडे गेले. शिंचूची नक्कल करणारे बहुधा फक्त कुंपण आणि करसवलत उचलतात.

प्रश्नकर्ता
मग ज्या कंपनीचे सारे काम संगणकावरच चालते, तिला या जागेचा काय उपयोग?

उत्तर ३
जागेचा फारसा नाही. जैवतंत्रज्ञानातील नवउद्योगाची गोष्ट वेगळी: प्रयोगशाळा, रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट आणि महागडी उपकरणे स्वतः उभारायची म्हटली, तर पहिला प्रयोग होण्याआधीच भांडवल संपते. तिथे सामायिक सुविधेमुळे जो प्रयोग झालाच नसता, तो होतो. सॉफ्टवेअर कंपनीला मात्र उपयोग होतो तो अनुभवी मार्गदर्शकाचा आणि पहिल्या ग्राहकापर्यंत पोहोचवणाऱ्या ओळखीचा. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन संस्थापकांना विचारावे, की मार्गदर्शक महिन्यातून किती वेळा भेटत असत आणि त्यांच्या सांगण्यावरून उत्पादनात नेमके काय बदलले.