मदत हवी आहे: नर्सिंगच्या अर्जातला निबंध खरा कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले, केळीची शेती करणारे. धाकटी बहीण बी.एस्सी. नर्सिंगसाठी परदेशातल्या कॉलेजला अर्ज करतेय. 'नर्स का व्हायचंय?' यावर निबंध मागितलाय. क्लासवाल्यांनी दिलेल्या नमुन्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सेवाभाव, लहानपणापासूनचं स्वप्न असलंच सगळं. तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. आजीला लकवा झाला तेव्हा रात्रीसुद्धा दर दोन तासांनी तिची कूस बदलणं, टाचा नि माकडहाडाजवळची कातडी लाल तर होत नाही ना हे बघणं, सगळं हीच करायची. तिथूनच तिने ठरवलं. शिवाय पक्की नोकरी हवी हेही खरंच. केळीच्या भावाचा काय भरवसा? नोकरीचं कारण निबंधात लिहावं का? आणि आजीचं आजारपण कितपत उघड करावं? नर्सिंगमधल्या ताई-दादांनो, तुम्ही काय लिहिलं होतं?