सेशेल्स: कझिन बेटावर एकच सकाळ मिळणार आहे, २००-६०० लेन्स नेऊ का?

टेकडीवरचा
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आम्ही दोघं सेशेल्सला चाललोय, प्रास्लिन बेटावर चार रात्री. त्यातला एक दिवस बोटीने कझिन बेट आणि दुपारी क्युरियज असा ठरवलाय. कझिनवर म्हणे सकाळीच सोडतात आणि गाइडबरोबरच फिरायचं, म्हणजे हातात जेमतेम तासदीड तास. माझ्याकडे सोनीची २००-६०० आहे, दोन किलोच्या वर वजन, आणि एक १८-१३५. बायको म्हणतेय एक तर ती लेन्स येईल नाहीतर मी. तर २००-६०० न्यावी का, ट्रायपॉडचा उपयोग होतो का, आणि उतरताना खरंच भिजायला होतं का? ड्रोनपण न्यावा असं डोक्यात होतं.

मीठपाणी
ड्रोन घरी ठेव बाबा. सगळं बेट म्हणजे पक्ष्यांची वसाहत आहे, तिथे वर काहीतरी घूंऽऽ करत फिरवायचा विचारसुद्धा नको.
भिजण्याचं म्हणशील तर हो. तुमची बोट किनाऱ्याला लागतच नाही, लांब उभी राहते. बेटावर उंदीर नाहीत आणि येऊ द्यायचे नाहीत, बाहेरच्या बोटीतून एखादी गाभण उंदरीण उतरली की जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं झालंच कल्याण. म्हणून बेटावरची माणसं त्यांची स्वतःची छोटी बोट घेऊन येतात, त्यात आपण बदली व्हायचं, आणि मग तो बोटवाला लाटेचा अंदाज घेत थांबतो थांबतो आणि एकदम इंजिन पूर्ण जोरात करून बोट थेट वाळूत घुसवतो. मजा येते पण सगळे पुढे कोसळतात. मी शहाण्यासारखी बॅग मांडीवर घेऊन चेन अर्धी उघडी ठेवली होती, पहिला फोटो आपलाच पाहिजे ना! मागून लाट आली. त्यानंतर दोन वर्षं माझी झूम रिंग फिरवली की करकर वाजायची. तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग घे, आणि पाय वाळूवर टेकेपर्यंत ती उघडू नकोस.

दयाळवेडी
दादा, वहिनींना न्या, लेन्स ठेवा 😄
मस्करी नाही, खरंच सांगते. तुमची ती लेन्स साधारण अडीच मीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि तिथले पक्षी त्याच्या आत असतात. पांढरी सुरय घरटं बांधायच्या भानगडीतच पडत नाही, उघड्या फांदीवर जरा खाच दिसली की तिथे एकच अंडं ठेवून मोकळी. पिल्लू बाहेर आलं की तेही तिथेच नखं रोवून बसतं, आपल्या छातीच्या उंचीवर. लांब शेपटीचे ट्रॉपिकबर्ड तर झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर बसलेले, आपण जवळून गेलो तरी उठत नाहीत, नुसते शिव्या घालतात.
आणि तिथला दयाळ बघाच. आपल्या दयाळाचाच भाऊबंद, पण पोट पांढरं नाही, सगळा काळा कुळकुळीत आणि पंखावर तेवढा पांढरा पट्टा. माणसं चालली की पाचोळा हलतो, किडे निघतात, म्हणून तो मागे मागे येतो.
छोटा तपकिरी वटवट्या दिसला तर फोटोत पायातल्या रंगीत कड्या येतील, त्यासाठी हळहळू नका. १९६८ साली हा पक्षी अख्ख्या जगात तीसच्या आत उरला होता, तोही फक्त या बेटावर. तेव्हा बेट नारळाची बाग होती. पक्षी वाचवणाऱ्या संस्थेने ते विकत घेतलं, नारळ हटवून मूळची झाडं वाढू दिली. १९८८ मध्ये इथले २९ वटवटे उचलून आरीद बेटावर सोडले, तिथेही वाढले, मग आणखी बेटांवर. त्या कड्यांमुळे कोण कुणाचं पोर हे कळतं.
टोपी घाला. का ते नॉडींच्या (काळपट समुद्रपक्षी) झाडाखाली गेलात की कळेल. डासांचं औषधही विसरू नका, त्यांना मात्र कुणी आवरलेलं नाही.

जुना निकॉनवाला
७०-३०० सारखं काहीतरी मित्राकडून मागून घे, पुष्कळ झालं. ट्रायपॉड नको, पायवाट अरुंद आहे आणि ग्रुप थांबत नाही.
खरी पंचाईत उजेडाची. पिसोनियाच्या झाडाखाली भर दहा वाजता संध्याकाळ असल्यासारखं वाटतं आणि त्यात पांढराशुभ्र पक्षी. कॅमेरा अंधार बघून उजेड वाढवतो आणि सुरयचं नुसतं चुन्याचं बोट होतं. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड निम्मा. नॉडी आकाशावर असेल तर बरोबर उलटं, एक स्टॉप वर. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायचं सेटिंग, ३२०० ला न्यायला घाबरू नकोस.
अजून एक, रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा बाहेर काढलास की लेन्सवर वाफ धरते, पहिला अर्धा तास पुसण्यात जातो. पहाटेच बॅग बाल्कनीत ठेवून दे.
क्युरियजला वाइड लाव आणि वाळूत आडवा पड. तिथल्या जमिनीवरच्या मोठ्या कासवाचा वरून काढलेला फोटो म्हणजे धोंडा दिसतो. मानेखाली हळूच खाजवलं तर चारी पायांवर उंच उठून मान लांब करतं, पण ते तिथल्या रेंजरला करू दे, तू फोटो काढ.

मीठपाणी
नोव्हेंबर म्हणजे हॉक्सबिल या समुद्री कासविणी अंडी घालायला येतात तो सीझन. वेळासला आपण अंधारात टॉर्च सांभाळत बसतो, कझिनवर ती भर उन्हात चालत येते. दिसली तर तिच्या समोर जाऊ नकोस, फ्लॅश तर नाहीच. गाइड म्हणेल तेव्हाच पुढे सरकायचं, मागच्या बाजूने.

टेकडीवरचा
परत आलो, सगळ्यांचे आभार. मोठी लेन्स नेली नाही, भाच्याची ७०-३०० नेली. तरी गंमत बघा, दयाळ माझ्या बुटाच्या नाडीपर्यंत आला आणि ७०-३०० लाही तो जास्तच जवळ. हळूच मागे पाऊल घेतलं तर तोही एक उडी पुढे! शेवटी तसाच उभा राहिलो, त्याने बुटाशेजारचं पान उलटलं, खालचा किडा उचलला आणि गेला. फोटो नाही. सुरयचं पिल्लू मात्र मिळालंय, एक स्टॉप खाली, कापसाचा गोळा आणि दोन काळे डोळे. कासवीण नाही दिसली, वाळूत तिच्या जाण्यायेण्याचा माग तेवढा होता, ट्रॅक्टर गेल्यासारखा.
दयाळवेडी ताई, टोपीचं कारण कळलं. तीन वेळा धुतली, डाग तसाच आहे. कशाने निघतो?