विषय: प्लेअर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही (आत वडिलांचा रियाज आहे)

प्रेषक: ग्रंथालय समिती | शुक्रवार रात्र

नमस्कार मंडळी,

जरा मदत हवी आहे. माझ्याकडे एक जुना म्युझिक प्लेअर आहे, २ जीबीचा, आत माइक असलेला. वडील सकाळी रियाजाला बसायचे तेव्हा मी तो शेजारी चालू करून ठेवायचे. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ती रेकॉर्डिंग्ज दुसरीकडे कुठेच नाहीत.

काल प्लेअर कपाटातून काढून कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर बॅटरीचं चित्र भरत जातं, म्हणजे वीज पोचते आहे. कॉम्प्युटरवर मात्र काहीच उमटत नाही. प्लेअरवर गाणी वाजतात, पण रेकॉर्डिंगच्या यादीत गेलं की तो अडकून बसतो. विंडोज १० आहे. यातलं कुणाला कळत असेल तर कृपया सांगा.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था | शुक्रवार रात्र

ताई, आधी केबल बदला, बाकी सगळं नंतर.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, त्यामुळे पाहून काही कळत नाही. तुमच्या प्लेअरचं भोक जरा जाड असेल तर ते मिनी यूएसबी. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कची तशी केबल घरात असेल तर ती शोधा. जिच्यातून पूर्वी फायली गेल्या आहेत अशीच केबल हवी.

हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी पट्टी) मध्ये घेऊ नका, थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये. प्लेअरच्या बाजूचा होल्डचा खटका, म्हणजे बटणं बंद करणारा, उघडा आहे ना, तेही बघा. आणि नजर प्लेअरच्या पडद्यावर ठेवा. नुसती बॅटरी भरताना दिसली तर दोघांचं बोलणं सुरूच झालेलं नाही. ‘कनेक्टेड’ असं काही आलं तर झालं आहे.

प्रेषक: ग्रंथालय समिती | शनिवार सकाळ

कॅमेऱ्याची केबल सापडली! लावताच कॉम्प्युटरने आवाज दिला, प्लेअरवर ‘कनेक्टेड’ आलं. ‘धिस पीसी’मध्ये प्लेअरचं चित्रही दिसतं आहे. गाण्यांचा फोल्डर उघडतो. रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला की हिरवी पट्टी सरकत राहते आणि शेवटी प्लेअर आपोआप सुटतो. तीनदा तसंच झालं.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था | शनिवार सकाळ

चौथ्यांदा उघडू नका, ताई. केबलचा प्रश्न सुटला, आता आतल्या फायलींच्या नोंदींचा दिसतो आहे.

तुमचा प्लेअर सध्या एमटीपी पद्धतीने जोडला जातोय. या पद्धतीत कॉम्प्युटर प्लेअरला ‘यादी दे’ म्हणतो, आणि यादी वाचून देण्याचं काम प्लेअर स्वतः करतो. यादी बिघडलेली असली की तो तिथेच अडकतो. प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी मोड नावाचा पर्याय असेल. तिथे एमएससी निवडा. मग प्लेअर पेन ड्राइव्हसारखा दिसेल आणि कॉम्प्युटरला आतली सगळी जागा थेट वाचता येईल. मोड बदलण्याआधी केबल काढा, बदलून परत लावा.

प्रेषक: ग्रंथालय समिती | शनिवार दुपार

झालं. ई ड्राइव्ह म्हणून आला, पण सोबत सूचना आली की या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करायचा का. मी अजून काही दाबलेलं नाही. रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये फायलींची नावं म्हणजे चौकोन आणि विचित्र अक्षरं, आणि एकेका फाइलचा आकार ३ जीबी दाखवतोय. प्लेअरच २ जीबीचा आहे! बघून पोटात गोळा आला.

प्रेषक: खजिनदार | शनिवार दुपार

माझ्या मुलीच्या प्लेअरचं असंच झालं होतं. दुरुस्त करा म्हणायचं, नाही झालं तर फॉरमॅट. पाच मिनिटांत नव्यासारखा चालतो.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था | शनिवार दुपार

काका, माफ करा, पण ताईंना प्लेअर नव्यासारखा नकोय, त्यातला आवाज हवाय.

ताई, सूचना बंद करा आणि दुरुस्तीही दाबू नका, फॉरमॅटही नको. कारण सांगतो. फॅट पद्धतीच्या ड्राइव्हवर कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत याचा एक तक्ता असतो. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली, किंवा कॉम्प्युटरवर ‘इजेक्ट’ (सुरक्षित काढा) न करता केबल ओढली, की तो तक्ता अर्धवट लिहिला जातो. चौकोनी नावं आणि अशक्य आकार ही त्याचीच खूण. आवाज बहुतेक जागच्या जागी आहे, फक्त पत्ता हरवलाय. विंडोजची दुरुस्ती तक्ता जुळवते, पण जे जुळत नाही ते ती तोडते, वेगळं काढून ठेवते, आणि हे सगळं मूळ प्लेअरवरच करते. फॉरमॅट त्याहून वाईट. झटपट फॉरमॅट तक्ता पुसतो. पूर्ण फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. त्यानंतर काहीही परत येत नाही.

आधी अख्ख्या प्लेअरची जशीच्या तशी प्रत काढायची. टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इमेज क्रिएशन’ आहे. प्रत कॉम्प्युटरवर ठेवा, साधारण २ जीबीची एकच फाइल होईल. मग प्लेअर नीट इजेक्ट करून बाजूला ठेवून द्या. पुढचं सगळं त्या प्रतीवर. टेस्टडिस्कसोबतच फोटोरेक येतो. नावात फोटो असलं तरी तो आवाजाच्या फायलीही शोधतो. तो तक्ता बघतच नाही, वेव्ह फाइल जिथून सुरू होते ती ठरावीक अक्षरं ओळखून फाइल उचलतो. त्यामुळे मूळ नावं आणि क्रम मिळणार नाहीत. तुकड्यांत विखुरलेली फाइल मध्येच तुटेल, हेही आधीच सांगतो.

आज संध्याकाळी मी मोकळा आहे, फोन करा. बरोबर बसून करू.

प्रेषक: एक सभासद | शनिवार संध्याकाळ

मध्येच विचारते, माझ्याकडे जुना आयपॉड क्लासिक पडून आहे. त्याला हेच लागू का?

प्रेषक: ध्वनिव्यवस्था | शनिवार संध्याकाळ

केबलचं तेच, फक्त तिला रुंद ३०-पिनचं टोक असतं. तो अडकला असेल तर मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा; रीस्टार्ट होताना सफरचंद दिसलं की लगेच मधलं बटण आणि प्ले दाबून धरा, डिस्क मोड येईल, म्हणजे तो पेन ड्राइव्हसारखा दिसेल. मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड विंडोज वाचू शकत नाही, पण विंडोजवर केलेला मॅक वाचतो. मॅकच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून त्यावर आयट्यून्स (ॲपलचा गाण्यांचा प्रोग्रॅम) नाही, आयपॉड फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फायली बघायच्या खिडकीत दिसतो. आणि हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी (दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या संग्रहाशी) जोडलेला आहे, पुसून सिंक करू का, असं विचारलं तर ‘कॅन्सल’! एका होकारात सगळी गाणी जातात. गाणी आत लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, फायलींना चार अक्षरी निरर्थक नावं दिलेली, पण गाण्याचं नाव सहसा फाइलच्या आत लिहिलेलं असतं. ती कॉपी करून घेता येतात.

प्रेषक: ग्रंथालय समिती | रविवार रात्र

मंडळी,

प्रत काढली. फोटोरेकने ४१ वेव्ह फायली दिल्या, प्रत्येकीचं नाव एफ आणि पुढे एक लांबलचक आकडा. तारीख नाही, राग नाही. आज दिवसभर एकेक ऐकून नावं देते आहे. ३३ पूर्ण आहेत, ८ मध्येच तुटतात. चार भैरवच्या, एक तोडी, बाकी अजून ओळखायच्या आहेत. तोडीत ते एकाच जागेवर पुन्हा पुन्हा येतात, गंधार मनासारखा लागेपर्यंत. तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटायचं.

प्रत आणि फायली दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणि भावाकडेही पाठवल्या. तुटलेल्या आठही ठेवल्या आहेत, टाकणार नाही. दादा, तुम्ही काल रात्री साडेअकरापर्यंत फोनवर थांबलात, हे मी विसरणार नाही.

बाविसाव्या फाइलमध्ये गाणं नाहीच. तानपुरा लावणं चालू आहे, मध्येच ते थांबून विचारतात, “चालू आहे का गं ते?” आणि मी लांबून म्हणते, “हो बाबा, तुम्ही गा.”

प्रेषक: खजिनदार | रविवार रात्र

ताई, फॉरमॅट करा म्हणालो ते मागे घेतो. तुम्ही ते दाबलं नाहीत, फार बरं झालं.